साडेचार वर्षांची पहिल्या ओळीत, चौदा वर्षांचा शेवटच्या : ठाण्यातल्या आपल्या पास्टरेट कमिटीला खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभूमध्ये सलाम.

संडे स्कूलचे वर्ग पुन्हा वयाप्रमाणे वेगळे करा, या विषयावर मी आपल्याला दोन अर्ज दिले. पहिला जूनमध्ये, दुसरा गणपतीच्या आधी. दोन्ही वेळा 'मीटिंगमध्ये घेऊ' असं उत्तर आलं आणि मीटिंगमध्ये पार्किंग, छपराची गळती आणि नाताळचा मंडप एवढंच झालं. गळतीबद्दल माझी तक्रार नाही, ती माझ्याच डोक्यावर होते. पण तिसरा अर्ज फाईलला लावून घेण्यापेक्षा उघड लिहावं असं ठरवलं. कळवा, मुलुंड, ऐरोली इथले संडे स्कूलचे शिक्षक भेटले की त्यांचंही हेच रडगाणं असतं. त्यांनीही वाचलं तर बरंच.

विषय आपल्याला ठाऊक आहे. जूनपासून संडे स्कूलचे तिन्ही वर्ग एकत्र केले. हॉलमध्ये सतरंज्या, भिंतीवर मोठा टीव्ही, चार ते पंधरा वर्षांची त्रेचाळीस मुलं समोर. पेनड्राइव्हवरची कार्टून फिल्म वीस मिनिटं, मग एक गाणं, बायबलातलं पाठ करायचं एक सुवर्णवचन, बिस्किटं, सुट्टी. मागच्या दोन खोल्यांपैकी एक ऑफिसला गेली, दुसरीत मंडपाचं सामान. आम्ही चार शिक्षक होतो, आता 'दोघे पुरेत'. टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायला खरं तर एकही पुरे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी पेनड्राइव्हवर अब्राहाम आणि इसहाक होते. देव अब्राहामाची परीक्षा घ्यायला मुलाचा बळी मागतो, ती गोष्ट. फिल्म सुरेख होती. मोरियाच्या डोंगराच्या वाटेवर बाप पुढे, लाकडं पाठीवर घेऊन पोरगा मागे. बापाने सुरी उचलली आणि चित्र तिथेच थांबलं, नुसतं संगीत चढत गेलं. पहिल्या ओळीत साडेचार वर्षांची एक चिमुरडी बसली होती. फ्रॉकचं टोक तोंडात धरून बघत होती. रडली नाही. देवदूत आला, झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडला, सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने नाही वाजवल्या.

रात्री साडेनऊला तिच्या वडिलांचा फोन. "काका, ही झोपतच नाहीये. विचारते, पप्पा, देवाने सांगितलं तर तुम्ही मला पण डोंगरावर नेणार का? मी नाही म्हटलं, तर म्हणते, म्हणजे तुम्ही देवाचं ऐकत नाही?" दिवसभर कंटेनर यार्डात उभा राहून आलेला माणूस, त्याला काय सुचणार? मलाही चटकन सुचलं नाही. "तिला सांग, देवाने ते थांबवलं, आणि आता तो कुणालाच तसं सांगत नाही," एवढं बोललो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, पोरीला हे दाखवायचं काही अडलं होतं का?

त्याच सकाळी शेवटच्या ओळीतल्या चौदा वर्षांच्या मुलाने हात वर केला होता. म्हणाला, "काका, देव नाश करणार त्या सदोम शहरासाठी अब्राहाम देवाशी केवढी घासाघीस करतो. इतके नीतिमान सापडले तर शहर वाचव म्हणत पन्नासवरून दहावर आणतो. मग स्वतःच्या मुलासाठी एक शब्द का बोलत नाही?" उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा अठरावा अध्याय आणि बाविसावा अध्याय या पोराने आपणहून शेजारी ठेवले होते. मी २००१ पासून शिकवतोय. असा प्रश्न वर्षातून एकदा आला तरी मला पगार मिळाल्यासारखं वाटतं. आणि मी त्याला काय म्हणालो? "लहान मुलं बसलीत रे, आत्ता नको, नंतर बोलू." नंतर बिस्किटं होती. पुढच्या रविवारी तो आला नाही. आई म्हणाली, क्लासची टेस्ट आहे. असेलही.

जिला ही गोष्ट अजून पाच-सहा वर्षं तरी ऐकायची गरज नव्हती तिच्या गळ्यात ती पडली, आणि ज्याला ती उकलून हवी होती त्याचं तोंड मी बंद केलं. एकाच खोलीत, वीस मिनिटांत. यात फिल्मचा दोष नाही, माझा आहे आणि वर्ग एकत्र करणाऱ्यांचा आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. आमच्याकडे गो-नोगो गेज असायचे, म्हणजे भाग मापात आहे की नाही ते सांगणारे. पंचवीसच्या बुशला, म्हणजे लोखंडी नळकांड्याला, पंचवीसचा गेज, चाळीसच्या बुशला चाळीसचा. एकाच गेजने सगळे बुश तपासतो म्हणणाऱ्याला सुपरवायझरने गेटबाहेर काढलं असतं. मुलं म्हणजे बुश नव्हेत, कबूल. पण लोखंडाच्या तुकड्याला आपण जेवढं जपतो तेवढं तरी?

आता 'वयाप्रमाणे शिकवायचं म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?' असं गेल्या खेपेला एका सभासदांनी विचारलं होतं. प्रश्न खोचक होता, तरी योग्य होता. एकच गोष्ट घेऊन सांगतो. नोहा.

पाच वर्षांच्या मुलांना मी नोहाचं तारू, म्हणजे महापुरातून वाचायला देवाने बांधून घेतलेलं जहाज, सात-आठ मिनिटांत सांगतो. त्यात प्राणी येतात, पाऊस येतो, कबुतर जैतुनाचं पान घेऊन येतं, ढगातलं धनुष्य, म्हणजे इंद्रधनुष्य, दिसतं. देवाने नोहाची आठवण ठेवली, एवढी एकच गोष्ट त्यांच्या खिशात घालायची. बाकी वेळ हत्ती कसा चढला असेल आणि जिराफाची मान कुठे ठेवली असेल यात जातो, आणि तो जावा. या वयाला एका दिवशी एकच गोष्ट पुरते, दुसरी घातली की पहिली सांडते.

आठ ते अकराची मुलं वेगळीच जमात. त्यांना आकडे लागतात. किती, कसं, कुठे, केवढं. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तारवाचं माप दिलंय : तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आधी प्रत्येकाने स्वतःचा हात मोजला आणि भांडण सुरू झालं की कुणाचा हात धरायचा. दीड फूट धरला तर तारू साडेचारशे फुटांचं होतं, म्हणजे सुमारे १३७ मीटर. एका रविवारी आम्ही भक्तीच्या आधी सकाळी साडेसहाला उपवन तलावाच्या काठच्या रस्त्यावर गेलो, माझा कंपनीतला जुना पंचवीस मीटरचा टेप घेऊन. एका टोकाला खडूची रेघ मारली आणि साडेपाच टेप पुढे दुसरी. मागच्या रेघेवर उभं राहिलेलं पोरगं पुढच्यांना एवढंएवढंसं दिसायला लागलं, तेव्हा कुणी काही बोलेचना. मग एक जण म्हणाला, "काका, लोकलचे किती डबे?" डबा वीस मीटरचा धरला तर जवळजवळ सात. आता ठाणे स्टेशनात बारा डब्यांची गाडी लागली की ही मुलं सातव्या डब्यापर्यंत बोट नेऊन मोजतात, आयांनी मला सांगितलंय. फिरायला आलेले एक आजोबा मात्र महापालिकेची माणसं समजून रस्ता कधी होणार ते विचारून गेले.

आणि मोठी मुलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडेही खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, ते आपल्यातल्या पुष्कळांनी सोसलंय. त्यानंतरचा रविवार ३१ तारखेचा. मी अकलेचा कांदा, त्या दिवशी नेमका नोहाचाच पाठ घेतला. वेळापत्रकात तोच होता. वर्गात बारा वर्षांची एक मुलगी होती, तिच्या घरात गळ्याएवढं पाणी आलं होतं, वह्या-पुस्तकं सगळी गेलेली, शेजारची एक म्हातारी गेलेली. ती म्हणाली, "काका, तारवात ज्यांना घेतलं नाही त्यांच्यात लहान मुलं होती का?"

मी धनुष्याच्या चित्रावर हात ठेवून उभा होतो. तेव्हा आमच्याकडे फ्लॅनेलचा बोर्ड होता. पावसाळ्यात तो दमट व्हायचा आणि चित्रं चिकटायची नाहीत, नोहाची दाढी सारखी गळून पडायची. त्या दिवशीही पडली. कुणी हसलं नाही.

मी तिला खोटं सांगितलं नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. म्हणालो, असणारच. आपण पुढच्या रविवारी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचू. वाचला. आणि सहाव्या अध्यायाच्या सहाव्या ओवीत परमेश्वराच्या हृदयाला दुःख झालं असं लिहिलंय, ते मी तोवर शेकडो वेळा वाचून न वाचल्यासारखं केलं होतं, ते त्या मुलीने बोट ठेवून दाखवलं. मग आठव्या अध्यायाचा शेवट, पुन्हा असं करणार नाही हे देवाचं बोलणं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. आजही मला ते नीट देता येत नाही. पण चित्रातल्या हसऱ्या जिराफापाशी ती गोष्ट अडकली असती, ती तिथून हलली. त्या मुलीची हलली आणि माझीही, मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होतो.

आता सांगा, या तीन वर्गांना एका सतरंजीवर बसवून नोहा कसा शिकवायचा? लहानांना बुडालेली मुलं सांगायची, की मोठ्यांना पुन्हा एकदा जिराफ दाखवायचा? सध्या आपण दुसरं करतोय. 'आठवी-नववीची मुलं संडे स्कूलला येत नाहीत' हे प्रत्येक मीटिंगच्या मिनिट्समध्ये येतं. क्लास, मोबाइल, आईबापांचं दुर्लक्ष अशी कारणं लिहिली जातात. ही कारणं खरी आहेत. पण जक्कय नवव्यांदा ऐकायला त्यांनी का यावं, हेही एकदा मिनिट्समध्ये घ्या.

जक्कयाचं नाव निघालं म्हणून जाता जाता. आपल्या मराठी बायबलात ठेंगणा जकातदार जक्कय येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. वर्गात विचारलं, उंबर कुणी पाहिलंय? एकही हात वर नाही. देवळाच्या मागच्या गल्लीतच आहे एक, रोज त्याखाली रिक्षा लागतात. घेऊन गेलो. फळं फांदीच्या टोकाला नसून खोडालाच लगडलेली पाहून मुलं हरखली. यरीहोचं झाड आणि आपला उंबर सख्खे नाहीत, चुलत आहेत. पण तेही असंच खोडाला फळं धरतं आणि फांद्या खाली पसरून असतात, म्हणजे ठेंगण्या माणसाला चढायला सोयीचं. आमोस संदेष्टाही याच झाडांची निगा राखणारा. मग जकातदार म्हणजे काय? जीएसटी आला आणि २०१७ मध्ये मुंबईची जकात गेली, त्यामुळे या मुलांना चेकनाका म्हणजे नुसता बसस्टॉप. त्यांना मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा सांगितल्या, आणि ज्याने वसुलीचा ठेका घेतलाय आणि वर स्वतःचंही काढतो तो माणूस गावाला कसा वाटत असेल ते त्यांच्याकडूनच वदवलं. येशू भेटल्यावर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो. दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "त्याने चौपट परत दिले, मग त्याच्याकडे उरले किती?" गणित घातलं फळ्यावर. अर्धी मालमत्ता गरिबांना, उरलेल्यातून चौपट. भलतं मजेदार गणित आहे, घरी करून बघा. हे पाच वर्षांच्या मुलासमोर करत बसलो तर ते उठून उंबराखालच्या रिक्षात जाऊन बसेल, आणि त्याचं बरोबर असेल.

लहानांचं आणखी एक. ती सगळं शब्दशः घेतात. आपण बोलतो ते आपल्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यांच्या कानात काय पोचतं याचं भान राहत नाही. 'येशू तुझ्या हृदयात राहतो' असं सांगितल्यावर एका पोराने मला काळजीने विचारलं होतं, "मी आमटी प्यायलो की त्याच्या अंगावर सांडते का?" त्या वयाला 'येशू तुझा मित्र आहे, तुझं ऐकतो' पुरतं. रक्ताने धुणं, पापाची मजुरी हे त्यांच्यासाठी नाही, त्याची वेळ येते. आणि सुवर्णवचन सगळ्यांना एकच देण्याचा हट्ट तर कृपा करून सोडा. जुलैत रोमकरांस पत्रातलं दिलं होतं. चार वर्षांचा एक पठ्ठ्या 'नीतिमान ठरवले' ऐवजी 'नितीनमामा ठरवले' असं स्टेजवर खणखणीत म्हणाला, मंडळी पोट धरून हसली आणि पोरगं आईच्या पदरात तोंड लपवून रडलं. हसण्यात मीही होतो.

इथे मला माझ्याच विरुद्ध एक मुद्दा मांडला पाहिजे, नाहीतर आमच्या गावाकडचा कुणी तरी मांडेलच. नेवासे तालुक्यातल्या माझ्या गावी संडे स्कूलचे वर्गबिर्ग काही नव्हते. 'शब्बाथ शाळा' म्हणायचे तेव्हा. कडुनिंबाखाली तीसेक पोरं, अंगावर धरलेल्या भावंडासकट, आणि एक मास्तर. मग तिथे कसं चाललं? मी यावर बराच विचार केला. तिथे मास्तर गोष्ट सांगायचेच नाहीत. गोष्ट मोठ्या मुलांनी लहानांना सांगायची. शनिवारी रात्री मास्तर मोठ्या पाच-सहा जणांना घरी बोलवायचे, कंदिलाशी अध्याय वाचून घ्यायचे, आमच्याशी वाद घालायचे, आणि रविवारी आम्ही धाकट्यांपुढे उभे. म्हणजे वर्ग दोन होतेच, एक कंदिलाचा आणि एक कडुनिंबाचा. सगळी वयं एकत्र बसली म्हणून बिघडत नाही. सगळी एकत्र बसून गप्प बघत राहिली की बिघडतं. टीव्हीसमोर चौदा वर्षांच्या मुलालाही करायला काही नसतं आणि चार वर्षांच्या मुलालाही.

भाषेचंही बघायला हवं. आपली जवळजवळ सगळी मुलं इंग्रजी शाळेत जातात. मराठी बोलतात झकास, पण बायबल उघडून दिलं की तिसऱ्या ओळीला दम लागतो. पेनड्राइव्हवरच्या फिल्म इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मग नातवाला 'आर्क' कळतं आणि आजीला 'तारू', आणि दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत हे दोघांनाही कळत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' म्हणताना ज्या मुलाला भाकरीचा पापुद्रा आठवतो त्याला येशूने पाच हजार लोकांना जेवू घातलं त्या गोष्टीतल्या पोराच्या जवाच्या पाच भाकरी हातात धरल्यासारख्या वाटतात. ब्रेडच्या स्लाइसने ते होत नाही. मी एकदा वर्गात खरोखरच पाच भाकरी आणि दोन सुके बोंबील नेले होते. बोंबलाचा वास आठवडाभर हॉलमध्ये राहिला, खजिनदारसाहेबांना आठवत असेल. पण त्या वर्गातल्या मुलांना ती गोष्टही आठवते.

या बाबतीत आपण मराठी ख्रिस्ती लोक दरिद्री नाही, विसराळू आहोत. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, का, तर साध्या बायाबापड्यांना वाचून कळावं म्हणून. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या मुलींनी खिळे जुळवले. ते १९२४ मध्ये पुरं बाहेर आलं तेव्हा बाई हयात नव्हत्या. अमेरिकन मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक १८७३ मध्ये काढलं. रेव्हरंड टिळकांना तर सगळा महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणतो, आपल्या मंडळीतल्या मुलांना मात्र त्यांची एक कविता पाठ नाही. मुलांसाठी निराळं लिहावं लागतं हे ज्या समाजाला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं, त्याला आज एक पेनड्राइव्ह पुरतो? रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला संडे स्कूल भरवलं ते आठवडाभर राबणाऱ्या पोरांना रविवारी अक्षर वाचता यावं म्हणून. तेव्हा मोठ्या मुलांकडून दर रविवारी दहा ओव्या मराठीतून मोठ्याने वाचून घेणं हे काही माझं खूळ नाही, संडे स्कूलचं मुळातलं काम आहे.

मोठ्या वर्गाबद्दल कमिटीत एक भीती आहे, ती मला मीटिंगबाहेर, चहाच्या टेबलाशी ऐकू आली. 'मोठ्या मुलांना असले प्रश्न विचारायला दिले तर विश्वास डळमळेल.' हे बोलणारे माझ्याहून वयाने मोठे आहेत, त्यांना मान देऊन सांगतो. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, विधी लावून दिलाय, तिथे लगेच लिहिलंय की तुमची मुलं विचारतील, याचा अर्थ काय. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पुन्हा तेच, पुढे तुझा मुलगा विचारील. यहोशवा या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून बारा धोंडे काढून ठेवले, कशासाठी, तर उद्या मुलं विचारतील, हे धोंडे कसले? तिन्ही ठिकाणी मुलांनी विचारायचं हे धरूनच चाललंय. आणि येशू बारा वर्षांचा असताना काय झालं? नासरेथहून यरुशलेमला सणासाठी शंभरावर किलोमीटर पायी गेलेले लोक, म्हणजे आपल्याकडून लोणावळा ओलांडून पुढे. परतताना दिंडीत पोर हरवावं तसा तो हरवला. आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले तरी त्यांना वाटतंय नातेवाइकांबरोबर असेल. तिसऱ्या दिवशी सापडला कुठे? मंदिरात, गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत. त्या गुरुजनांपैकी कुणी त्याला 'लहान मुलं बसलीत, नंतर बोलू' म्हणालं नाही. ते मी म्हणालो.

इसहाकाच्या गोष्टीतही बघा. मोरियाच्या त्या सगळ्या वाटेवर प्रश्न एकच विचारला जातो, आणि तो पोरगा विचारतो : विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमार्पणासाठी कोकरू कुठे आहे? वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये ते वाक्य आहे, संगीताखाली दबलंय.

आता काय हवं ते सांगतो, लांबवत नाही. मंडपाचं सामान जिन्याखाली बसतं, मी टेप लावून पाहिलंय, बांबू तेवढे बाहेर भिंतीला लावावे लागतील. ती खोली लहानांना द्या. तिला दार आहे, आणि कोपऱ्यात पंखा आहे. मधला वर्ग हॉलमध्ये राहू दे, टीव्हीही त्यांच्याकडेच राहू दे, नकाशे दाखवायला चांगला उपयोग होतो. मोठ्यांना खोली नको, वॉचमनच्या शेडखाली चालेल, पाऊस नसला तर. प्रत्येक वर्गात मोठी माणसं दोन, एकटं कुणी नाही, दार उघडं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा २०१२ चा पोक्सो कायदा आल्यापासून हे शाळांना कळलंय, आपल्यालाही कळू दे. शिक्षक नाहीत म्हणता, तर मंडळीत सिव्हिलच्या दोन नर्सबाई आहेत, बालवाडी चालवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना आजवर विचारलंच कुणी नाही, नाताळच्या फराळाला मात्र विचारलं. कॉलेजची मुलं मधल्या वर्गाला मदतनीस म्हणून घ्या.

आणि मेगाब्लॉकचा रविवार आला, ट्रान्स-हार्बर बंद, ऐरोली-घणसोलीची मुलं नाहीत, डोंबिवलीचे शिक्षक अडकलेले, तर त्या दिवशी खुशाल सगळे वर्ग एकत्र करा. फक्त टीव्ही बंद ठेवून. मोठी मुलं गोष्ट सांगतील. आदल्या रात्री मी त्यांना फोनवर घेईन, कंदील नसला तरी.

त्या साडेचार वर्षांच्या मुलीकडे मी गेल्या शनिवारी घरी जाऊन आलो. तिने मला आधी बिस्कीट दिलं, मग शंकेने विचारलं, आज टीव्ही आहे का? नाही म्हटलं. मग उंबराची गोष्ट सांगितली, आणि जक्कय उतरताना पाय घसरून पडला का, यावर आमचं बराच वेळ चाललं. बायबलात तसं नाही, मी सांगितलं. ती म्हणाली, पण पडला असेल.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता वॉचमनच्या शेडखाली मोठ्या मुलांचा वर्ग मी घेणार आहे. परवानगी मिळाली तर वर्ग म्हणून, नाही मिळाली तर वॉचमनकडे चहा प्यायला बसलोय असं समजा. उत्पत्ति अठरा आणि बावीस. क्लासची टेस्ट दुपारी आहे असं त्या मुलाच्या आईने कळवलंय, म्हणजे तो येईल. कमिटीपैकी कुणाला बसायचं असेल तर जरूर या, बाक दोनच आहेत, खुर्ची घरून आणावी लागेल. मराठी बायबलही आणा, वाचायची पाळी सगळ्यांवर येते.

आपला नम्र,
संडे स्कूलमधला काका
ठाणे